बेसबॉल बेटिंग: हेज कधी करायचं, आणि तो "मिडल" खरंच सापडतो का?

साउथपॉ_एडिसन

वर्ल्ड सिरीजच्या (बेसबॉलच्या फायनलच्या) धाग्यावर हेजिंगचं, म्हणजे आधीच्या बेटच्या उलट बाजूलाही पैसे लावण्याचं, विषयांतर इतकं वाढलं की मूळ खेळाची चर्चा बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. आधीच सांगतो की मी न्यू जर्सीत राहतो, मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेटिंगला आडकाठी करणारा जुना केंद्रीय कायदा रद्द केला आणि जूनमध्ये जर्सीत बेटिंग सुरू झालं, त्यामुळे मी जे लिहितोय ते इथल्या कायदेशीर बेटिंगबद्दल आहे. टिप्स मागू नका, देणार नाही.

ज्यांना अमेरिकन भाव वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी: -१५० म्हणजे १०० जिंकायला १५० लावायचे, +१२० म्हणजे १०० लावले तर १२० मिळणार. बाकी मनीलाइन म्हणजे नुसतं कोण जिंकणार, रनलाइन म्हणजे दीड रनचा फरक धरून, आणि टोटल म्हणजे दोन्ही टीमचे मिळून रन किती, ओव्हर की अंडर. एवढं पुरे.

आता हेज. ऑक्टोबर २०२५ चंच घ्या. समजा तुमच्याकडे टोरांटो ब्लू जेज चॅम्पियन होतील असं १०० डॉलरचं वीसला एकचं तिकीट आहे, म्हणजे जिंकले तर हातात २१०० येणार. जेज फायनलला आले, समोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स, मोठे फेवरिट. हिशोबाला सोपं पडावं म्हणून डॉजर्स -२०० धरू. तुम्ही डॉजर्सवर १४०० लावले तर जेज जिंकले तरी निव्वळ ६०० आणि डॉजर्स जिंकले तरी निव्वळ ६००. झालं, आता मॅच बघत चहा प्या.

पण कोणी थांबला असता तर? पाच मॅचनंतर जेज ३-२ ने पुढे होते आणि उरलेल्या दोन्ही मॅच टोरांटोत. तेव्हा भाव उलटला. समजा डॉजर्स +१८० ला मिळाले असते तर फक्त ७५० लावून दोन्हीकडे १२५० पक्के. आणि जो अजून थांबला, "आता काय जिंकलोच" म्हणत, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सातवी मॅच, नववी इनिंग, ४-३ ने पुढे, एक आऊट झालेला, चॅम्पियन व्हायला दोन आऊट बाकी, आणि मिगेल रोहासने होमरन मारला. मग अकराव्या इनिंगला विल स्मिथचा होमरन आणि ५-४. तिकिटाची किंमत शून्य.

मला चर्चा हवीय ती दोन गोष्टींवर: हेज नेमकं केव्हा करायचं, आणि लोक "मिडल मारला" (उलट बाजूंच्या दोन्ही बेट एकदम जिंकल्या) म्हणून सांगतात ते बेसबॉलमध्ये कितपत शक्य आहे.

पेठेतला_पंटर

अहो हे तर आपल्याकडचं बुक सेट करणं झालं की! आयपीएलला लगाई-खाई (टीमवर लावणं आणि टीमविरुद्ध लावणं) करून दोन्ही टीमवर प्लस करून ठेवतात तेच. नवीन काय त्यात. बाय द वे हे बेसबॉल इथून पुण्यातून कुठल्या ॲपवर लावता येईल?

धागा_चालक

ॲपची नावं, लिंक, टेलिग्राम ग्रुप यातलं काही इथे टाकू नये, दिसलं की प्रतिसाद उडवला जाईल. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं यावर बंदी आहे, महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच. हिशोबाची चर्चा जरूर करा.

बोका_डेन्व्हर

साउथपॉ, हिशोब बरोबर आहे पण अर्धाच सांगितलास. हेज फुकट नसतं हे लिही की.

तुझंच उदाहरण घेतो. डॉजर्स -२०० असतील तर त्याच बुकात (बेट घेणाऱ्या कंपनीत) जेज साधारण +१७० ला असणार. -२०० चा अर्थ ६६.७ टक्के, +१७० चा अर्थ ३७ टक्के, बेरीज १०३.७. वरचे ३.७ म्हणजे बुकीचं कमिशन, ज्याला इकडे विग किंवा जूस म्हणतात. ते काढून टाकलं तर जेजची खरी शक्यता ३५.७ टक्के येते. २१०० चे ३५.७ टक्के म्हणजे ७५०, त्यातून लावलेले १०० वजा, सरासरी ६५०. हेज केल्यावर ६००. म्हणजे रात्रीची झोप नीट लागावी म्हणून ५० डॉलर फी भरली. पाच मॅचनंतरच्या भावाने हाच हिशोब केला (जेज -२२० धर) तर फी बत्तीसेक डॉलर येते.

५० डॉलर देऊन शांतता विकत घ्यायची का हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात मूर्खपणा काही नाही. पण लोक असं बोलतात जणू हेज केलं की नफा "वाढला". नाही वाढला, थोडा कमी झाला आणि पक्का झाला. हेज म्हणजे नवीन बेट असते बाबांनो. माझी कसोटी अशी की हातात तिकीट नसतं तर मी आज या भावाने डॉजर्सवर पैसे लावले असते का? नसते तर मग मी ते फक्त घाबरून लावतोय, आणि घाबरायचं कारण खरं आहे का ते बघायचं. २१०० डॉलरने तुझ्या घरात काही फरक पडत असेल तर कारण खरं आहे. पडत नसेल तर गप्प बसून मॅच बघ.

आणि ॲपमधलं ते कॅश आउटचं बटण (निकालाआधीच तिकीट बुकीला परत विकायचं) हे पण हेजच आहे, फक्त भाव बुकी ठरवतो आणि दुसऱ्या कुठल्या बुकात चांगला भाव शोधायची तुझी सोय संपते. बहुतेक वेळा स्वतः दुसऱ्या बाजूला लावलं तर त्याच्यापेक्षा जास्त हातात पडतं.

मी_सांगलीकर

+१. बोकाभाऊ भारी समजावलंत. एक शंका, पूर्ण बुक सेट न करता निम्मंच हेज केलं तर? म्हणजे मूळ १०० सुटले बास, बाकी खेळ चालू दे असं.

बोका_डेन्व्हर

करतात की, बरेच जण तेच करतात. पाच मॅचनंतरचा भाव घे, ७५० ऐवजी ३७५ लाव. जेज जिंकले तर १६२५, डॉजर्स जिंकले तर ५७५. फीसुद्धा निम्मी. मला विचारशील तर हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, पण लोकांना दोन्हीकडे सारखा आकडा दिसला की समाधान वाटतं. सारखा आकडा हवा असा काही नियम नाहीये.

निवांत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 😀

साउथपॉ_एडिसन

मान्य बोका, फीचा मुद्दा पटला. आता मिडलकडे वळू. माझ्या ऑफिसमधले फुटबॉलवाले (अमेरिकन फुटबॉल) सारखे मिडलच्या गोष्टी सांगतात. त्यांची दंतकथा म्हणजे जानेवारी १९७९ चा सुपरबोल, पिट्सबर्ग विरुद्ध डलास. लाइन (फेवरिटने किती गुणांच्या फरकाने जिंकायला हवं तो आकडा) पिट्सबर्ग साडेतीनने सुरू झाली आणि साडेचारला बंद झाली. आधी पिट्सबर्ग -३.५ घेतलेले आणि नंतर डलास +४.५ घेतलेले असे दोन्ही बाजूला लोक होते. मॅच ३५-३१, फरक बरोब्बर चार, दोन्ही बेट जिंकले, लास वेगासच्या बुकींचं दिवाळं निघायची वेळ आली. त्या दिवसाला तिकडे अजून ब्लॅक संडे म्हणतात.

मग बेसबॉलमध्ये असं का ऐकू येत नाही?

बोका_डेन्व्हर

कारण सोपं आहे. फुटबॉलमध्ये पैसा एका बाजूला आला की बुकी लाइन हलवतो, तीनची साडेतीन, साडेतीनची चार. बेसबॉलमध्ये रनलाइन दीडला ठोकून बसवलेली असते, ती हलत नाही, हलतो तो भाव. फेवरिट -१२० चा -१४५ होतो, पण दीड दीडच राहतो. मग मधे शिरायला फटच कुठून येणार.

भाव हलल्यावर जे करता येतं त्याला स्काल्प म्हणतात. रात्री फेवरिट -१२० ला घेतला, सकाळी तो -१४५ झाला आणि समोरचा +१२५ ला मिळतोय. १२० लावलेले आहेत, समोरच्यावर ९८ च्या आसपास लावले की कोणीही जिंकलं तरी दोन डॉलर पक्के.

निवांत

दोन डॉलर!! एवढ्या आकडेमोडीनंतर दोन डॉलर. आमच्याकडे वडापाव पण नाही येत हो दोन डॉलरमध्ये जर्सी सिटीला.

बोका_डेन्व्हर

हसतोयस पण पुढचं ऐक. भाव तुझ्या बाजूने हलला याचा अर्थच तुझी रात्रीची बेट चांगली होती. सकाळच्या भावाने फेवरिटची खरी शक्यता ५७.१ टक्के, म्हणजे ती बेट सरासरी साडेपाच डॉलर किमतीची झाली. स्काल्प करून ती दोन डॉलरला विकली. जे लोक रोज हे करतात ते स्वतःचा सगळ्यात चांगला माल अर्ध्यापेक्षा कमी किमतीत विकून टाकतात आणि वर म्हणतात "रिस्क फ्री".

कढीपत्ता

थांबा थांबा, मिडल बेसबॉलमध्ये नाहीच असं नका म्हणू. दोन ठिकाणी आहे.

पहिलं म्हणजे एका रनचा. फेवरिटची मनीलाइन घ्या आणि समोरच्याचे +१.५ घ्या (तो जिंकला किंवा एकाच रनने हरला तरी ही बेट लागते). फेवरिट बरोब्बर एका रनने जिंकला की दोन्ही बेट लागतात. आणि मेजर लीगमध्ये एका रनने संपणाऱ्या मॅच चारपैकी एकापेक्षा जास्त असतात, म्हणजे ऐकायला फार गोड. पण भाव बघा. फेवरिट -१५०, समोरचा +१.५ ला -१४० धरा. दोन्ही लागले तर +२००. फेवरिट दोन किंवा जास्तने जिंकला तर -४०. समोरचा जिंकला तर -५०. सरासरी नुकसान ४५ धरलं तर बरोबरीत सुटायला फेवरिटने एका रनने जिंकणं १८ टक्क्यांहून जास्त वेळा व्हायला लागतं. आणि एका रनच्या मॅच काही सगळ्या फेवरिटच जिंकत नाही, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जिंकतो. आकडा सोळाच्या आसपास घुटमळतो. म्हणजे तोटा. फार नाही, पण रोजचा.

यात एक बारीक गंमत आहे, फेवरिट घरच्या मैदानावर असेल तर एका रनने जिंकायचं प्रमाण वाढतं. कारण घरची टीम पुढे असेल तर नवव्या इनिंगचा त्यांचा अर्धा भाग खेळतच नाहीत, आणि बरोबरीत असेल तर विजयी रन झाला की मॅच तिथेच संपते, आणखी रन करायची संधीच मिळत नाही (शेवटचा फटका होमरन असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सगळे मोजतात). बाहेरची टीम मात्र नववी पूर्ण खेळते. पण हे काय मला एकटीला माहीत आहे का? घरच्या फेवरिटसमोरच्या +१.५ चा भाव आधीच महाग असतो.

दुसरं ठिकाण टोटलचं, ते जेवून येऊन लिहिते.

मी_सांगलीकर

जेवून लवकर या ताई.

कढीपत्ता

आले. टोटल मात्र हलते, तिथे फट पडू शकते. सकाळी ओव्हर ७.५ घेतलं, दुपारी लाइन ८.५ झाली, अंडर ८.५ घेतलं. बरोब्बर आठ रन झाले की दोन्ही खिशात. दोन्ही बाजूला -११० मिळालं तर ११०-११० लावून जोडी लागली की २०० आणि नाही लागली तर फक्त १० चा तोटा. एकवीसमधे एकदा लागलं तरी बरोबरीत, म्हणजे पावणेपाच टक्के. आठवर मॅच थांबायची शक्यता त्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. छान ना?

पण -११० दोन्हीकडे मिळत नाही इथेच सगळं अडतं. एका बुकात साडेसात आणि दुसऱ्यात साडेआठ एकाच वेळी दिसतं तेव्हा साडेसातचं ओव्हर -१२५ ला आणि साडेआठचं अंडर -१२५ ला असतं. मग तोटा १० चा नाही २५ चा, आणि बरोबरीला ११.१ टक्के लागतात. आता आठवर थांबायची शक्यता पुरत नाही.

आणि कुठल्या आकड्यावर मिडल करताय हे फार महत्त्वाचं आहे, त्याकडे कोणी बघत नाही. बेसबॉलमध्ये टाय नसतो. एका रनची मॅच म्हणजे ३-४, ४-५, २-३, बेरीज नेहमी विषम. एका रनच्या मॅच सगळ्यात जास्त असतात म्हणून टोटल सम आकड्यापेक्षा विषम आकड्यावर जास्त थांबते. सात आणि नऊ हे वजनदार आकडे, मधला आठ त्यांच्यापेक्षा हलका. म्हणजे ६.५ आणि ७.५ मधला, किंवा ८.५ आणि ९.५ मधला मिडल जास्त किमतीचा आणि वर मी दिलेला ७.५-८.५ वाला त्यातल्या त्यात गरीब. सगळे अर्धा-अर्धा रन सारखाच मोजतात. तसा तो नसतो.

साउथपॉ_एडिसन

हे विषम आकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, भारी! वाचनखूण साठवली. मग टोटल इतकी हलते कधी की -११० ला दोन्ही बाजू मिळाव्यात? रोज तर नाही हलत.

शिकागोची_मावशी

वारा बाळा, वारा.

मी शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानापासून दोन स्टॉपवर राहते, आमच्याकडे मिशिगन लेकवरून वारा आत आला की मारलेले बॉल फील्डरच्या हातात पडतात आणि बाहेर वाहायला लागला की तेच बॉल रस्त्यावर. म्हणूनच बुकवाले रिग्लीची टोटल आदल्या रात्री बऱ्याचदा लावतच नाहीत, सकाळचा वाऱ्याचा अंदाज आला की मग लावतात. पण अंदाज बदलतो, आणि बदलला की टोटल अर्ध्याने नाही, एक-दीड रनने सरकते. ज्याने सकाळी घेतलंय आणि दुपारी उलटी बाजू घेतोय त्याला खरा मिडल मिळतो, एका वेळी दोन बुकांत शोधणाऱ्याला नाही. वेळ मधे जावा लागतो.

बोका तुमच्याकडे डेन्व्हरला कूर्स मैदानात काय परिस्थिती?

बोका_डेन्व्हर

मावशी आमच्याकडे टोटल जास्त असते पण ती माहीत असलेली जास्त. डेन्व्हरची ५२८० फूट उंची काही दुपारी बदलत नाही 😀 हवा विरळ, बॉल लांब जातो, २००२ पासून बॉल ह्युमिडॉरमध्ये (ठरावीक ओलावा राखणाऱ्या खोलीत) ठेवतात तरी अकरा वगैरेची टोटल दिसते. आणि टोटल जितकी मोठी तितके रन पसरलेले, म्हणजे एखाद्या नेमक्या आकड्यावर थांबायची शक्यता कमी. त्यामुळे मिडलसाठी कूर्स उलट वाईटच. मिडल शोधायचा तर लहान टोटलच्या मॅचमध्ये, चांगले पिचर (बॉल टाकणारे) समोरासमोर असतील तिथे. आणि तिथेच मग पिचर बदलला की सगळं कोसळतं.

शिकागोची_मावशी

ते बरं आठवण केलंत. पिचरचा नियम नवीन लोकांना कोणी सांगतच नाही. काही बेट "लिस्टेड पिचर" वर असतात, म्हणजे जाहीर केलेला स्टार्टिंग पिचर आला नाही तर बेट रद्द, पैसे परत. काही "ॲक्शन" वर, कोणीही टाको बेट चालू. आता तुमचा एक पाय (जोडीतली एक बेट) लिस्टेडवर आणि दुसरा ॲक्शनवर असेल, आणि मॅचच्या तासभर आधी पिचरचा खांदा दुखतोय म्हणून त्याला बसवलं, तर एक पाय गेला आणि दुसरा उघडा राहिला. तुम्ही समजताय हेज केलंय, प्रत्यक्षात एकाच बाजूला सगळे पैसे.

दुसरं पावसाचं. बहुतेक बुकांत मनीलाइन पाच इनिंग झाल्या की ग्राह्य धरतात (घरची टीम पुढे असेल तर साडेचार), पण रनलाइन आणि टोटलला पूर्ण नऊ लागतात, घरची पुढे असेल तर साडेआठ. आता कढीपत्ता म्हणाली तो एका रनचा मिडल बघा, एक पाय मनीलाइन आणि दुसरा +१.५. सहाव्या इनिंगला धो धो पाऊस आला आणि मॅच तिथेच संपवली, फेवरिट हरला. मनीलाइनचे पैसे गेले. +१.५ जिंकलेलं असतं पण ते रद्द. तोटा ५० चा नाही, दीडशेचा. प्रत्येक बुकाचे नियम थोडे वेगळे असतात, बेट लावायच्या आधी ते पान वाचायचं, कंटाळा आला तरी.

निवांत

मावशी तुम्ही क्लास काढा.

पेठेतला_पंटर

बुकी असे लोक ठेवून घेतात का पण? आमच्याकडे जो सारखा दोन्हीकडून खातो त्याचा फोन उचलत नाहीत 😂

साउथपॉ_एडिसन

इथे फोन उचलतात पण लिमिट लावतात. भाव हलायच्या आधी सारखी बेट येताना दिसली की एक दिवस ५०० लावायला गेलं तर "मॅक्सिमम १२ डॉलर" दिसतं. कारण देत नाहीत. मिडलसाठी निदान दोन-तीन बुक उघडी लागतात, एक बंद झालं की धंदा निम्मा.

त्यापेक्षा हेजिंगचा खरा उपयोग बोनस बेटवर. नवीन खातं उघडल्यावर १०० ची बोनस बेट देतात, त्यात जिंकलात तर फक्त नफा मिळतो, मूळ १०० नाही. ती +२०० वर लावायची, समोरची बाजू दुसऱ्या बुकात -२२० ला मिळाली तर तिथे १३७.५० लावायचे. कोणीही जिंको, साडेबासष्ट डॉलर. बेसबॉलच्या मनीलाइनमध्ये दोन भावांमधलं अंतर कमी असतं म्हणून हे इथे बरं जमतं. इथे विकायला हातात स्वतःची चांगली बेट नाहीये, फुकटचं कूपन आहे, म्हणून बोकाची कसोटीसुद्धा पास होते.

मी_सांगलीकर

तो टेक्सासचा गाद्या विकणारा, मॅट्रेस मॅक, त्याने हेज का नाही केलं कधी? २०२२ ला ह्यूस्टन ॲस्ट्रोज चॅम्पियन झाले तेव्हा साडेसात कोटी डॉलर जिंकला होता म्हणे. मी असतो तर फायनलला निम्मे तरी फिलाडेल्फियावर टाकले असते.

कढीपत्ता

अहो त्याचं आख्खं बेटिंगच हेज होतं! जिम मॅकिंगव्हेलचं ह्यूस्टनला फर्निचरचं दुकान आहे. स्कीम अशी की तीन हजार डॉलरच्या वर गादी घ्या, ॲस्ट्रोज चॅम्पियन झाले तर दुप्पट पैसे परत. म्हणजे ॲस्ट्रोज जिंकले तर दुकानाचं कंबरडं मोडणार. म्हणून त्याने ॲस्ट्रोजवर बेट लावल्या, एक तर तीस लाखांची दहाला एक भावाने होती. टेक्सासमध्ये बेटिंग कायदेशीर नाही म्हणून शेजारच्या लुइझियानात जाऊन लावायचा. जिंकलेले पैसे गिऱ्हाइकांना गेले. आणि २०१९ ला ॲस्ट्रोज सातव्या मॅचला वॉशिंग्टनकडून हरले तेव्हा बेटमध्ये कोटीच्या वर डॉलर गेले, पण गाद्या विकल्या गेल्या होत्या आणि कोणाला काही परत द्यायचं नव्हतं.

तुम्ही म्हणता तसं फिलाडेल्फियावर टाकले असते तर तो विमा रद्द करून उलट जोखीम घेतल्यासारखं झालं असतं. दुसरी बाजू त्याच्याकडे दुकानात आधीच होती.

मी_सांगलीकर

ओह्ह! आत्ता कळलं. सगळे त्याला जुगारी म्हणून दाखवतात.

सीपीए_पण_मूळचा_वाईचा

उशिरा आलो, पण टॅक्सचा विषय कोणीच काढलेला दिसत नाही आणि आता तोच सगळ्यात मोठा आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून जुगारातल्या नुकसानापैकी फक्त ९० टक्केच वजा करता येतं. आधी जिंकलेल्या रकमेपर्यंत पूर्ण करता यायचं.

साध्या खेळणाऱ्याला हे फार लागणार नाही, पण हेज आणि मिडलवाल्यांच्या मुळावर येतं, कारण त्यांची एक बाजू नेहमी हरतेच, तो त्या पद्धतीचाच भाग आहे. समजा वर्षभरात एका बाजूने ५०,००० जिंकले आणि दुसऱ्या बाजूने ४९,००० हरले. खरा नफा हजार. वजावट मिळणार ४४,१०० ची. टॅक्स ५,९०० वर. हजार कमावून एकोणसाठशेवर कर. आणि ही वजावटसुद्धा तुम्ही आयटमाइझ करत (प्रत्येक वजावट वेगळी दाखवत) असाल तरच, स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्याला तीही नाही.

कढीपत्ता यांचं -११० वालं उदाहरण घ्या, जोडी लागली नाही तर १० चा तोटा. कागदावर १०० जिंकले, ११० पैकी ९९ वजा, म्हणजे तोटा होऊनसुद्धा एक डॉलरचं उत्पन्न.

बोका_डेन्व्हर

हे माहीत होतं पण असं लिहिलेलं बघून पोटात गोळा आला. मग ते एकवीसमधे एकदाचं गणित पण गेलं की.

सीपीए_पण_मूळचा_वाईचा

गेलंच. तुमचा टॅक्स २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आणि आयटमाइझ करता असं धरून पुन्हा मांडा. स्काल्पचे दोन डॉलर तर पूर्ण गिळले जातात: ९८ च्या आसपास हरले त्यातले दहा टक्के म्हणजे जवळजवळ दहा डॉलर वजा होत नाहीत, त्यावर २४ टक्के, अडीचच्या आसपास. दोन कमावले, त्यावरचा कर वेगळाच. फ्युचर तिकिटावरचं (चॅम्पियन कोण होणार यावर आधीच लावलेल्या बेटवरचं) हेज त्या मानाने बरं, कारण ते वर्षात एखादंच होतं. साउथपॉचं ७५० वालं घ्या, जेज जिंकले असते तर ७५० हरल्यावर ७५ वजा झाले नसते, त्यावर १८ डॉलर. बोकाच्या बत्तीस डॉलर फीमध्ये ते मिळवा म्हणजे हेजची खरी किंमत कळेल.

साउथपॉ_एडिसन

म्हणजे रोजचे मिडल आणि स्काल्प बंद, मोठ्या तिकिटावर निम्मं हेज आणि ते पण एकदाच. बोनस बेटवालं पण तपासायला लागेल, तिथेही एक बाजू हरतेच.

सीपीए_पण_मूळचा_वाईचा

हो, पण तिथे बोनसची बाजू हरली तर तुमचं स्वतःचं काही गेलेलं नसतं, ती वजावटीत येतच नाही. दुसरी बाजू हरली तरच १३७.५० चे दहा टक्के अडकतात, तीन-सव्वातीन डॉलर टॅक्स. साडेबासष्टवरचा नेहमीचा टॅक्स धरून पण परवडतं. प्रत्येक बेटची तारीख, बुक, रक्कम आणि निकाल लिहून ठेवा, ॲपचं वार्षिक स्टेटमेंट प्रत्येक बुकाचं वेगळं येतं आणि दोन बुकांतली जोडी त्यात कुठे दिसत नाही.

शिकागोची_मावशी

वहीचा फोटो टाकते उद्या, माझे रकाने बघा. रद्द झालेल्या बेटसाठी वेगळा रकाना ठेवा, पावसाळी एप्रिलात तोच सगळ्यात आधी भरतो.